तिसरा डाउनलोड मॅनेजर

पोलादपूरच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात स्टाफरूमला एकच कॉम्प्युटर. पाच मास्तर त्याच्याभोवती जमले की किस्से आपोआप साठतात. फाईल मात्र साठत नव्हती.

फाईल म्हणजे बारावीच्या केमिस्ट्रीच्या प्रयोगांचे व्हिडिओ. केमिस्ट्रीची जागा वर्षभर रिकामी, प्रॅक्टिकल दहा दिवसांवर. पोरांना प्रयोग दाखवायचे तर ते चार जीबी उतरवायलाच हवेत. आणि आमचं नेट ब्याण्णव टक्क्यांवर तुटायचं, की पुन्हा शून्यापासून! मराठीचा मास्तर मी, पण अस्सल मराठी शिव्या फिजिक्सच्या कांबळे सरांनी दिल्या.

*

डाउनलोड मॅनेजर, म्हणजे मोठ्या फाईली उतरवून देणारं सॉफ्टवेअर, घ्यायचा ठरला. मी एक साइट शोधली. तिथं डाउनलोडची सहा हिरवी बटणं. सगळ्यात मोठं दाबलं. मॅनेजर राहिला बाजूला, स्क्रीनभर वधू-वरांच्या जाहिराती. नेमक्या प्रिन्सिपॉलबाई मागे उभ्या.

"सर, घरी विचारलंत का?"

*

दुसरा मॅनेजर असा सुसाट निघाला की ऑफिसचं नेटच गिळून बसला. क्लार्क सविताताई तणतणत आल्या.

"तुमची केमिस्ट्री उतरंल वो, पन माजे बोर्डाचे फॉर्म चढत नायत त्याचं काय?"

तोही बाद.

*

मग कांबळे सरांनी फळ्यावर अटी लिहिल्या. तुटलं तर तिथूनच पुढे सुरू व्हावं, वेग आवरता यावा, जाहिरात नको. तिसरा मॅनेजर सरांनी तो बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून घेतला. चाळीस टक्के झाले आणि सरांनी नेटची वायर सरळ उपटली.

"अहो, काय करताय?"

"परीक्षा घेतोय."

वायर परत लावली. एक्केचाळीस! मी सरांना मिठीच मारली. दुसऱ्या दिवशी चारही जीबी आमच्या खिशात. पोरांनी एकेक प्रयोग तीन-तीनदा पाहिला, मग हातात ब्युरेटची काचनळी घेतली.

*

प्रॅक्टिकलला महाडचे परीक्षक आले. दरवर्षी आमच्या पोरांना नावं ठेवणारे. कापडे गावच्या मनालीने थेंब थेंब सोडत रंग नेमका फिक्कट गुलाबी आणला आणि सगळं घडाघडा सांगितलं.

"कुणी शिकवलं?" परीक्षकांनी विचारलं.

"कॉम्प्युटरवर बगितलं सर, मग करून बगितलं."

कांबळे सरांचा चेहरा बघून मला भरून आलं. जाताना परीक्षकांनी आम्हा दोघांना बाजूला घेतलं, दार लोटलं आणि खिशातून पेनड्राइव्ह काढला.

"ते व्हिडिओ यात घालून द्या. आमच्याकडे दोन महिने उतरतायत."