सुन्निवाची इलेक्ट्रॉन मोजणारी पेटी

दूर उत्तरेतल्या आन्देनेसच्या बंदरावर सुन्निवा ब्रेइवोलला सगळे ‘रॉकेटवाली’ म्हणत. त्यात कौतुक थोडं, टवाळी जास्त. कॉड मासे पकडणाऱ्यांच्या घरातली ही मुलगी रेडिओदुरुस्ती शिकली आणि किनाऱ्यावरच्या रॉकेटतळावर कामाला लागली. आभाळात ध्रुवीय प्रकाशाचा हिरवा उजेड नाचू लागला की त्यात रॉकेट सोडायचं आणि वरून कोसळणारे इलेक्ट्रॉन मोजायचे. ती मोजणारी पेटी, जेमतेम पावाएवढी, सुन्निवाने स्वतः जोडली होती.

पहिलं रॉकेट झकास उडालं, पण टोकावरचं झाकण उघडलंच नाही. पेटी आंधळी वर गेली आणि तशीच समुद्रात बुडाली.

“झालं ते झालं,” ओस्लोहून आलेले प्राध्यापक उर्नेस म्हणाले. “पुढे कुणीतरी बघेल.”

“कुणीतरी कशाला? मी आहे ना.”

त्यानंतर दोन हिवाळे ती झाकणाच्या मागे हात धुऊन लागली. गोठवायची, हादरवायची, अडकलं की सगळं खोलून पहिल्यापासून सुरुवात करायची.

दुसऱ्या मोहिमेत वाऱ्याने छळ मांडला. अगदी शेवटच्या संध्याकाळी तो पडला, आभाळ हिरवं झालं, आणि नेमकी रॉकेट पडायच्या पट्ट्यात एक होडी दिसली. तिच्याच भावाची, इंग्वाल्डची.

सुन्निवाने रेडिओ उचलला. “इंग्वाल्ड, बाहेर पड तिथून!”

“जाळी भरलीयत माझी! तुझ्या फटाक्यापायी मासे सोडून येऊ?”

“सोडू नकोस. ओढ, पण हात चालव. तू निघाल्याशिवाय इथे कुणाला बटणाला हात लावू देणार नाही मी.”

“आणि तोवर उजेड विझला तर?”

“पुन्हा पेटेल. भाऊ एकच आहे मला, मेल्या!”

पलीकडून जाळी ओढायची घरघर ऐकू आली.

उजेड खरंच विझत गेला. उर्नेस खुर्चीत मटकन बसले. शेवटी इंग्वाल्डचा आवाज आला, “निघालो गं बाई! उडव आता काय ते!” पण वर काळोख होता. कुणीतरी कोट घालायला लागलं.

“बसा सगळे,” सुन्निवा म्हणाली. कोट पुन्हा खुंटीवर गेला.

मग उत्तरेकडून एक हिरवी कड सरकत आली, रुंदावली, थेट माथ्यावर आली. रॉकेट सुटलं. पेटीचं मोजमाप कागदावर उतरवणारी सुई सरळ रेघ ओढत राहिली. झाकण उडालं, आणि सुई वेड्यासारखी नाचू लागली.

सकाळी इंग्वाल्डने तिच्या दारात दोन दांडगे कॉड आपटले. “इलेक्ट्रॉनांनी पोट भरत नाही. हे घे.”

ते तिने उकडून उर्नेसना वाढले, आणि जेवताजेवताच पुढच्या पेटीचा विषय काढला.