काळ्या माशाच्या सिस्टर

"पेशंट कुठंय?"

आमच्या दारात आल्या की सिस्टर पहिल्यांदा हेच विचारायच्या. संक्रांतीचा तिळगूळ द्यायला आलेल्या असोत, नाहीतर आमच्या स्कूटरने वाट अडवली म्हणून भांडायला, आधी पेशंट. घरात सगळे धडधाकट आहेत म्हटलं की त्यांचा चेहरा जरा उतरायचा. मग चपला काढून थेट बेसिनकडे. स्वतःचे हात धुऊन झाले की आमच्याकडे वळायच्या. "तुम्ही धुतले का?"

जन्मभर सरकारी दवाखान्यात नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि इंदिरानगरात आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर एकट्या राहायच्या. मूळच्या सिन्नरकडच्या. आवाज असा, की जिन्यात बोलल्या तर गच्चीवर ऐकू जायचं. तुमच्याही इमारतीत असं एखादं माणूस असेल, ज्याचं खरं नाव फक्त टपालपेटीवर दिसतं. आम्ही सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचो. तिळगूळ हातावर ठेवता ठेवता त्या समोरचीचं मनगट धरायच्या आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहायच्या. इमारतीतल्या नव्या सुनांना वाटायचं, काय माया आहे बाईंना! त्या नाडी मोजत असायच्या. मायाही असायचीच म्हणा.

बाबांची बायपास ठरली त्या सुमाराला येवल्याची मावशी आमच्याकडे माशांची टाकी घेऊन आली. आठ सोनेरी मासे आणि एक काळा. अशा टाक्या तुम्ही दुकानांत गल्ल्याच्या मागे पाहिल्या असतील. घरावर काही यायचं असलं तर काळा मासा ते आपल्या अंगावर घेतो, असं मानतात. आई एरवी कुणाच्या बोलण्याला भुलणारी बाई नाही, पण बाबांचा रिपोर्ट आल्यापासून ती हाताला लागेल ते धरून ठेवत होती. काळ्याची बडदास्त सुरू झाली. आठ जणांना मिळून चिमूटभर खाणं आणि त्याला एकट्याला तेवढंच, तेही सकाळ-दुपार-संध्याकाळ.

"अगं, त्याच्यावर किती मोठं काम आहे," ती मला म्हणायची. "ताकद नको का?"

ऑपरेशनच्या आठवड्यात एका सकाळी काळा मासा पाण्यावर आडवा तरंगताना दिसला. पोट वर आलेलं, एक डोळा छताकडे. कल्ले हलत होते म्हणजे जीव होता, पण सरळ होता होईना. मी माशांच्या दुकानदाराला फोन करायला निघाले तर आईने माझा हात धरला.

"कुणाला बोलवू नकोस," ती हळूच म्हणाली. "घेतलं गं त्याने. आता बाबांचं चांगलं होणार."

तिने टाकीला हात जोडले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण कित्येक दिवसांनी तिचा चेहरा निवांत दिसत होता. माझा त्या गोष्टीवर विश्वास नव्हता, तरी मी फोन खाली ठेवला. मासा वाचवायचा म्हणजे आईचा आधार काढून घ्यायचा, असं होऊन बसलं होतं. मला फार वाईट वाटत होतं, माशाचंही आणि तिचंही.

तेवढ्यात बेल वाजली. "पेशंट कुठंय?"

दिवाणावर पडलेल्या बाबांनी हात वर केला. सिस्टर खरं तर त्यांनाच ऑपरेशनच्या चार गोष्टी सांगायला आल्या होत्या. पण हात धुऊन येताना त्यांची नजर टाकीकडे गेली आणि बाबांना ओलांडून त्या तिकडेच गेल्या. चष्मा कपाळावर चढवून, गुडघ्यांवर हात टेकून त्यांनी माशाकडे बराच वेळ पाहिलं.

"याचं पोट तर नगाऱ्यावानी फुगलंय. काय घालता याला?"

आईने खाण्याचं सांगितलं. मग नाइलाजाने बाकीचंही सांगितलं. "राहू द्या त्याला तसंच, सिस्टर. ह्यांच्या बदल्यात जातोय तो. जाऊ द्या."

आता जिना दणाणणार, असं मला वाटलं. पण सिस्टर खुर्चीत बसल्या आणि आमच्या ऐकण्यात पहिल्यांदाच हळू बोलल्या.

"वहिनी, तसं असतं ना, तर आमच्या मालकांच्या टायमाला मी गंगेतले सगळे मासे घरी आणून ठेवले असते."

त्यांचे यजमान त्यांच्याच वॉर्डात गेले, एवढं आम्हाला उडत उडत माहीत होतं. त्या स्वतः कधी त्यावर बोलल्या नव्हत्या.

"याला संकट-बिंकट काय नाय झालं. याला जेवण लय झालंय," त्या उठत म्हणाल्या. "आणा एखादा टब."

आईने टाकीला पुन्हा एकदा हात जोडले. मग आत गेली आणि भाजी धुवायचा टब घेऊन आली.

सिस्टरनी टाकीतलंच पाणी टबात घेतलं आणि वाटीने माशाला अलगद त्यात सोडलं. दुकानदाराला फोन लावून त्याची उलटतपासणी घेतली. बोलताना त्या त्याला डॉक्टर म्हणत होत्या. दोन-तीन दिवस कडक उपास, नंतर उकडलेला मटार, तोही साल काढून, असं त्याने सांगितलं. सिस्टरनी लगेच टबावर चिठ्ठी चिकटवली: 'तोंडाने काही देऊ नये.'

"मलाही ऑपरेशनच्या आधी उपाशीच ठेवणार आहेत," बाबा म्हणाले. "सोबत झाली."

ऑपरेशनच्या दिवशी घराची किल्ली आणि मासा सिस्टरकडे सोपवून आम्ही हॉस्पिटलात गेलो. बाबांना आत नेलं. आई बाकावर बसून होती, चहाही घेईना. दुपार झाली तेव्हा म्हणाली, "सिस्टरना फोन लाव. त्याचं कसं आहे विचार."

तिला कोणतं उत्तर हवं होतं, हे विचारायचा मला धीर झाला नाही. मी फोन लावला. सिस्टरचा आवाज बाहेर ऐकू यायला स्पीकरची गरज नव्हती.

"सरळ झाला! मटार खाल्ला, घाण बी केली. फस्क्लास!"

आईचा चेहरा पांढरा पडला. मासा वाचला होता आणि आतलं दार अजून बंद होतं. आता बाबांवरचं आपल्या अंगावर घ्यायला कुणीच उरलं नव्हतं. तिने माझा हात इतका घट्ट धरला की माझी अंगठी बोटात रुतली. मीही तो सोडवून घेतला नाही.

शेवटी दार उघडलं. डॉक्टर मास्क खाली करत म्हणाले, "चांगलं झालंय ऑपरेशन. काळजी करू नका."

"म्हणजे दोघंही?" आईने विचारलं.

डॉक्टर गोंधळले. "हो आई, दोघंही," मी म्हणाले. ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. माझंही तेच झालं. डॉक्टर बिचारे आम्हाला पाणी विचारून निघून गेले.

बाबा आता रोज सकाळी फिरायला जातात. सिस्टर मात्र इमारतीत नाहीत. गुडघे फारच धरले तेव्हा त्यांचा भाऊ येऊन त्यांना सिन्नरला घेऊन गेला. खालच्या दाराला कुलूप आहे. बेल वाजली तरी आमच्याकडे आता कुणी पेशंट विचारत नाही आणि घर फार गप्प वाटतं.

परवा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. सकाळी आईने हात धुतले, नऊ माशांना मिळून एक चिमूट टाकली आणि काचेशी वाकून काळ्याला म्हणाली, "तू खा आपला. तुझं काही काम नाही आज." दिवसभर मात्र ती फोनजवळून हलली नाही.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. उशीवर सिस्टरचा चेहरा, केस विस्कटलेले, आवाज जरा खोल गेलेला.

"पेशंट कुठंय?"

आईने फोन टाकीसमोर धरला. काळा मासा नेमका तेव्हा शेपटी इकडे करून कोपऱ्यात उभा होता. आई काचेवर टिचक्या मारायला लागली.

"ऱ्हाऊ द्या, वहिनी," सिस्टर म्हणाल्या. "आडवा नाय ना, मग बास."