आरतीच्या चालीवर

"अगं पण आई, पाणी मागायला कुणी उभं राहतं का?" संकेतचा आवाज चढला होता. "आज कोपर सोलवटलं. उद्या खुबा मोडला म्हणजे?"

"मग काय, तोंड शिवून टाकू त्यांचं?" प्रतिमाताई नवऱ्याच्या कोपराला औषध लावत होत्या. गजाननराव खुर्चीत बसून एकदा मुलाकडे, एकदा बायकोकडे बघत होते. त्यांना सगळं कळत होतं.

गजानन खांबेटे विमा कंपनीत अधिकारी होते. साताऱ्याहून जयपूरला बदली झाली आणि निवृत्तीनंतरही ते तिथल्या प्रताप नगरातच राहिले. इथल्या मराठी मंडळात लोक त्यांना आवाजावरून ओळखत. कानोता धरणाच्या सहलीत बस सुटायची वेळ झाली की हाक त्यांचीच, आणि गणपतीत आरती उचलायची तीही त्यांनीच. घरातली संध्याकाळची आरती त्यांनी कधी चुकवली नाही. मधे फोन वाजो, कुकर करपो, ते थांबत नसत. आरती बसून म्हणायची नाही, अर्धवट सोडायची नाही आणि शेवटी स्वतःभोवती फिरायचं, हे त्यांनी संकेतला कान धरून शिकवलं होतं.

होळीच्या आदल्या आठवड्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. पाय थोडा सावरला, वाचा मात्र परत आली नाही. 'पाणी' म्हणायला जावं, तर ओठांवर नुसतं 'प, प' येऊन थांबायचं. मग एका संध्याकाळी नात तनया देवापुढे आरती म्हणत असताना खुर्चीतून साथ आली. खणखणीत, एकही शब्द न चुकता. प्रतिमाताईंच्या हातातलं निरांजन विझलं तरी त्यांना कळलं नाही.

डॉक्टरांना नवल वाटलं नाही. बोलण्याचं काम मेंदूच्या डाव्या बाजूला चालतं, तिथेच इजा झाली आहे, असं ते म्हणाले. गाण्याला उजवी बाजूही लागते आणि ती शाबूत आहे. त्यांनी बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या एका मुलीकडे पाठवलं. तिने सांगितलं, रोजचे शब्द एखाद्या चालीवर, डाव्या हाताने ठेका धरून म्हणवून घ्या, कधीकधी वाट सापडते. कोणती चाल, ते तिने सांगितलं नाही.

प्रतिमाताईंनी भावगीतं लावली, जुन्या सिनेमातल्या चाली लावल्या. ते नुसते गुणगुणले. आरतीच्या चालीवर मात्र 'पाणी द्या मला' तिसऱ्या दिवशी आलं. त्या दिवशी घरात शिरा झाला.

पुढे लक्षात आलं की तो शब्द एकटा येत नाही. त्याच्यापर्यंत पोचायला गजाननराव आरती पहिल्यापासून सुरू करत. सुरू केली की उभे राहत, मधे पाण्याचा पेला पुढे केला तरी थांबत नसत, आणि शेवटी त्या अधू पायावर फिरत. हवं काहीही असो, सुरुवात आरतीपासून. व्यायामवाल्या मुलीने दुसरी साधी चाल बसवायचा प्रयत्न केला. दोन सूर लागायचे आणि तोंड आरतीवर जायचं. शेजारच्या बाई भिंतीवरून कौतुकाने म्हणाल्या, "अंकलजी आजकल पूजा बहुत करते हैं." तनया आधी हसायची. मग हसेनाशी झाली.

आणि आज ते फिरताना कूलरवर पडले.

"मतलब, आपणच शिकवलं ना हे," संकेत म्हणाला. "आता आपणच बंद करायला हवं."

सून अनुया मधे पडली. चित्रांची कार्डं मिळतात, पाणी, जेवण, बाथरूम. बोट ठेवलं की झालं.

"बालवाडीत आहेत का ते?" प्रतिमाताई म्हणाल्या. मग आवाज उतरला. "इतक्या महिन्यांत त्यांचा म्हणून जो आवाज ऐकला तो एवढाच. तोही घालवू?"

तेवढ्यात गजाननरावांनी आरती सुरू केली.

ते उठू लागले तसे संकेतने त्यांचे खांदे धरले. "बाबा, बसून म्हणा." ते गात राहिले. तनयाने सवयीने टाळी वाजवली, अनुयाने तिचा हात धरला. पाणी आणलं, त्यांनी नकारार्थी मान हलवली. गाणं चालूच. आवाज पूर्वीसारखा भरदार होता आणि डोळे प्रतिमाताईंना काहीतरी विनवत होते. "काय हवंय? अहो, थांबा ना जरा." प्रतिमाताईंनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. ओठ हाताखाली हलतच राहिले. फिरायची जागा आली तेव्हा संकेतच्या हातांत खांदे पिळवटले, आणि पायजमा भिजला. खुर्चीवरून थेंब फरशीवर पडू लागले. शेवटचा शब्द झाला तेव्हाच गजाननराव थांबले. बाथरूमचं दार चार पावलांवर होतं.

त्यांनी मान खाली घातली.

संकेत म्हणाला, "बाबा, होतं असं," आणि त्याने खांद्यांवरचे हात काढून घेतले. प्रतिमाताईंनी त्यांना आत नेलं, धुवून कपडे बदलले, निजवलं. मग फरशी पुसली. हात धुऊन त्या बाहेर आल्या.

"अनुया, ती कार्डं मागव," त्या म्हणाल्या. "उद्यापासून या घरात आरती नाही. संध्याकाळी मी नुसता दिवा लावीन. त्यांनी सुरू केली तर कुणी साथ द्यायची नाही, तनया, तूसुद्धा. आणि यंदा गणपती आणायचा नाही."