येतंय गो

तोंडवलीत घराबाहेर पडताना ‘जातंय’ म्हणायची सोय नाही. म्हणायचं ‘येतंय’, म्हणजे येतो. मालवणच्या बाजाराला निघालात, येतंय. मुंबईच्या बोटीत बसायला निघालात, तरी येतंयच. जाणारा परत यायचा असतो, आणि जो परत यायचा नसतो त्यालाच ‘गेलो’, म्हणजे गेला, म्हणतात, असा साधा व्यवहार. ही रीत काय, सगळ्याच गावांत आहे. पण यमुनाबाईच्या घरात त्या शब्दावर जरा जास्तच पहारा होता. तिथे कळशी घेऊन विहिरीवर निघालेल्यालाही उंबऱ्यात थांबून ‘येतंय’ म्हणावं लागे, आणि कोणी विसरलाच तर ती मागून हाक मारून त्याला घरात बोलवी आणि पुन्हा पहिल्यापासून निघायला लावी. आता मागून हाक मारू नये हेही शास्त्रच आहे. पण दोन शास्त्रं भांडायला लागली की माणसाने एक निवडावं, तसं तिने निवडलं होतं.

तिला दोष तरी कसा द्यायचा? तिचा नवरा गणपत घरापुढच्या खळ्यातल्या माडावर चढला तेव्हा काही न बोलता चढला होता. घरच्या माडावर चढताना कोण मेला निरोप घेतो? चतुर्थी तोंडावर आली होती, नारळ पाडायचे होते. सारा जन्म होडीवर काढलेला माणूस. समुद्राने त्याच्या केसाला धक्का लावला नाही, आणि स्वतःच्या हाताने लावलेल्या माडाने त्याला खाली टाकलं. मुलगा सहदेव तेव्हा ओटीवर पेज जेवत होता. बापाला वरून येताना त्याने पाहिलं, ते पेजेचा घास तोंडात असताना.

यमुनाबाई रडली. मग रडणं आटपलं आणि ती पाटी डोक्यावर घेऊन मासे विकायला निघू लागली, कारण चूल काही कोणाच्या सुतकाला थांबत नाही. एक प्रश्न मात्र तिच्या डोक्यातून हलेना. बांगडे निवडता निवडता मध्येच थांबायची आणि समोर असेल त्याला विचारायची, पडताना त्याला भिया वाटलं असेल का? शेजारणींना विचारलं, देवळातल्या गुरवाला विचारलं, एकदा तर मासे घ्यायला आलेल्या मास्तरांनाही विचारलं. त्यांनी बांगडे न घेताच घरचा रस्ता धरला. खरं तर कोण काय सांगणार? तसा पडलेला माणूस उत्तर द्यायला परत येत नाही.

सहदेवला तिने कधी विचारलं नाही. आणि सहदेवने तिला आपलं स्वप्न कधी सांगितलं नाही. स्वप्नात बाप माडाच्या शेंड्यावरून सुटायचा, पण पडायचा नाही. खाडीवर कुठेतरी मधेच राहायचा, सदऱ्यात वारा भरलेला, कपाळावर हात धरून, मासळीचा थवा कुठे दिसतो का बघत असल्यासारखा. हळूहळू, इकडे तिकडे डुलत तो खाली खाली यायचा, ऊन त्याच्या अंगातून आरपार पडायचं, आणि जमिनीला पाय लागायच्या आत सहदेवला जाग यायची. मोठं गोड स्वप्न. पण जागेपणी या पोराची उंचीने अशी काही गाळण उडे की घरच्या माळ्यावरचा नारळ काढायला शिडीची दुसरी पायरी तो कधी चढला नाही. होडीत बिनघोर. शिडीवर अंगाचं पाणी पाणी.

आणि हा मनुष्य पलटणीत शिरल्यावर काय करतो? पन्नास सालानंतरची गोष्ट. एका सकाळी साहेबाने विचारलं, विमानातून छत्री घेऊन उडी मारायला कोण तयार आहे, तर याने हात वर केला. शेजारी उभा असलेला फॉस्टिन, हा मालवणातला ख्रिस्तांव आणि सहदेवचा जीवश्च कंठश्च मित्र, त्याला वाटलं याला माशी चावली. नंतर त्याने खोदून खोदून विचारलं तर सहदेव म्हणाला की हात आपोआप गेला. तो एकटा जातो म्हटल्यावर फॉस्टिननेही शिव्या घालत आपलं नाव दिलं.

उडी शिकायला आग्र्याला निघण्याआधी सहदेव रजेवर घरी आला. आईला सांगायला त्याला चार दिवस धीर झाला नाही. शेवटी निघायच्या सकाळी, ट्रंक उचलल्यावर सांगितलं. पडणार का, म्हणून यमुनाबाईने विचारलं. पडणार नाही, उडी मारणार, असं तो म्हणाला. दोन्हींत फरक काय, असं तिने विचारल्यावर त्याने ट्रंक खांद्यावर घेतली. तो उंबऱ्यात थांबला, ‘येतंय’ म्हणाला. तेव्हा ती म्हणाली,

“मगे माका येवन सांग. पडताना काय वाटता, तां सांग.”

झालं. त्या दिवसापासून सहदेवच्या पाठीवर छत्रीच्या आधी हे ओझं बसलं.

आग्र्याला विमानाआधी एक लाकडी मनोरा होता. त्यावर चढायचं, विमानाच्या दारासारख्या दारात उभं राहायचं, कमरेला दोर, आणि उस्तादाने हुकूम दिला की खाली उडी. सहदेव डोळे मिटून कसाबसा वर पोचला. उस्ताद हरयाणाकडचा, मिशा अशा की त्यांवर लिंबू ठेवावं. तो त्याच्या कानाशी ओरडला, “गो!”

सहदेवने मान वळवून मागे पाहिलं.

आता सांगा, यात त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? आमच्याकडे पुरुषाला ‘रे’ आणि बाईला ‘गो’. आये गो, बाय गो, खंय गेललंस गो. चौथी शिकलेल्या तोंडवलीच्या माणसाच्या कानाशी कोणी ‘गो’ म्हणून ओरडलं, तर तो कोण बाई आली हे बघणारच. उस्तादाने पुन्हा ओरडून पाहिलं. सहदेव पुन्हा शोधू लागला. खाली उभ्या असलेल्या फॉस्टिनला हसून हसून जमिनीवर बसावं लागलं, आणि उस्तादाने दोघांनाही पाठीवर पिशव्या देऊन मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या.

फेऱ्या मारताना फॉस्टिनने समजावलं. तो पाद्रींच्या शाळेत शिकलेला. म्हणाला, गो म्हणजे इंग्रजीत जा. हे ऐकून सहदेव धावता धावता थांबलाच. जा? दारात उभ्या असलेल्या माणसाला जा? तोंडवलीत दारातल्या माणसाला नुसतं ‘जा’ म्हणतात ते त्याच्याशी कायमचं वाकडं असलं तर. त्याला बाईचं ‘गो’ परवडलं असतं, हे ‘जा’ काही पचेना. पुढे रोज मनोऱ्यावर तो दाराच्या चौकटीला घट्ट धरून राही आणि उस्ताद त्याला ढकलून देई. शेवटी उस्तादाने स्वच्छ सांगितलं की विमानात कोणी ढकलत नाही. तिथे दारात अडलास तर ट्रंक उचल आणि परत जा, छत्री पुन्हा मिळायची नाही.

परत जायला सहदेवची ना नव्हती. बेअब्रू झाली असती ती झाली असती. पण आईला काय सांगायचं? कोणालाही ठाऊक नसलेली एक गोष्ट तिने त्याला आणायला सांगितली होती, आणि ती त्या दाराच्या पलीकडे होती.

हिवाळ्यातली सकाळ होती. विमान वर गेलं. दाराला दार नव्हतंच, नुसतं भोक आणि त्यातून घोंघावणारा वारा. एकेक जण पुढे सरकत होता आणि नाहीसा होत होता. फॉस्टिनने छातीवर क्रुसाची खूण केली, मागे वळून डोळा मारला आणि तोही नाहीसा झाला. सगळ्यांत शेवटी सहदेव दारात आला. दोन्ही हातांनी चौकट धरली. हिरवा दिवा लागला, उस्ताद ओरडला, आणि सहदेव तसाच राहिला. बोटं पांढरी पडली होती.

उस्तादाने त्याच्याकडे पाहिलं. मिशा मोठ्या, पण माणूस वाईट नव्हता. त्याने विमानाला आणखी एक फेरी घ्यायला सांगितली, सहदेवच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली बोट दाखवून म्हणाला, पायाकडे बघू नको, तिकडे लांब बघ. वो देख, जमुनाजी.

सहदेवने पाहिलं. पिवळ्या शेतांतून एक नदी वळसे घेत चालली होती, सकाळच्या उन्हात निवांत. जमुना म्हणजे यमुना, एवढं त्याला कळत होतं. खाली इतक्या लांब आईचं नाव वाहत होतं. त्याला वाटलं, ती पाटी बाजूला ठेवून ओटीवर बसली आहे आणि वर बघते आहे.

“गो!” उस्ताद ओरडला.

आणि या खेपेला सहदेवला ते घरच्यासारखं ऐकू आलं. इतक्या वर्षांच्या सवयीने तोंड आपोआप उघडलं.

“येतंय गो,” तो म्हणाला.

आणि पाय निघाले. निघणारच, त्या घरात ‘येतंय’ म्हटल्यावर उंबऱ्यात घुटमळायची रीत नव्हती.

मग आवाज संपला. छत्री डोक्यावर उघडली, आणि सहदेव होता तिथेच राहिला. पडत होता म्हणावं तर काही हलत नव्हतं. नदी तिथेच, शेतं तिथेच, लांबवर जमिनीवर फॉस्टिनची छत्री पसरली होती. सदऱ्यात वारा भरला. त्याने कपाळावर हात धरला, आणि मग लक्षात आलं की हे सगळं त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. बाप असाच होता. असाच, इथेच. सहदेवला रडू आलं आणि ते त्याने येऊ दिलं, तिथे बघणारं होतं कोण? मोहरीच्या शेतात तो धप्पकन आपटला तेव्हा गुडघा सोलवटला, आणि स्वप्नात कधीच न लागलेली जमीन त्याच्या पायांना लागली.

पुढच्या रजेत घरी आला तेव्हा यमुनाबाई खळ्यात मासळी साफ करत होती. त्याने ट्रंक ठेवली, पाणीसुद्धा मागितलं नाही.

“आये, भिया दारात असता,” तो म्हणाला. “भायर नसता.”

तिने कोयता खाली ठेवला. खरंच का, म्हणून एकदाच विचारलं. त्याने मान हलवली. मग ती इतक्या वर्षांनी पुन्हा रडली, मासळीच्या हातांनीच डोळे पुसत, आणि त्यानंतर तिने तो प्रश्न कोणाला विचारला नाही.

नोकरी संपवून साठ सालानंतर सहदेव कायमचा गावी आला. आनंदीशी लग्न झालं, किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीच्या जाळ्याचा दोर हाती आला. गावाने त्याचं नाव ‘छत्री’ ठेवलं, आणि भर पावसात तो भिजत निघाला की पोरंसोरंसुद्धा विचारत, छत्री खंय? विमानातून उड्या मारणारा हा वीर घरचे नारळ मात्र शेवटपर्यंत शिवा पाडेल्याकडून पाडून घेत असे. विचारलं तर म्हणे, माडाला दार नाही.

यमुनाबाई अंथरुणाला खिळली ती पुढे एका वर्षी, पावसाळा सरल्यावर. दुपारची वेळ होती, समुद्राचा आवाज घरात भरला होता. सहदेव तिच्या उशाशी बसला होता. तिने त्याचं मनगट धरलं होतं, इतकं घट्ट की तिची बोटं पांढरी पडली होती. ती बोटं त्याने ओळखली.

“माका भिया वाटता रे,” ती म्हणाली.

“दारात आसस, आये. दारातच वाटता.”

तिने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. तेव्हा कधी न सांगितलेलं स्वप्न त्याने तिला सांगितलं, हळू, तिच्या कानाशी. शेवटी म्हणाला, “बाबा अजून जमनीर पोचाक नाय. वारो बरो आसा.”

तिचा श्वास थोडा सावकाश झाला. सहदेवने तिच्या कपाळावर हात ठेवला, उस्तादाने खांद्यावर ठेवला होता तसा.

“आये गो,” तो म्हणाला.

“येतंय,” यमुनाबाई म्हणाली, आणि तिची बोटं सुटली.

आनंदी स्वयंपाकघरातून पेज घेऊन आली. उंबऱ्यात थांबून तिने विचारलं, आयेक कसां वाटता. सहदेव खळ्यातल्या माडाकडे बघत होता.

“भायर पडली,” तो म्हणाला.