भूतमेळ्यातली रत्नमाला

भंडारा-लाखांदूर रस्त्यावर नेहमी ये-जा करणारी माणसं रत्नमाला टेंभुर्णेला ओळखतात. एस.टी.त कंडक्टर. अंगानं किरकोळ, पण आवाज असा की, "चला, मंधात सरका, बाया उभ्या आहेत!" म्हणाली की दारात लोंबकळणारी कॉलेजची पोरंही निमूट आत सरकायची. बाजाराच्या दिवशी बस टोपल्यांनी आणि पोत्यांनी फुगली तरी तिचा पारा चढायचा नाही. लाखांदूरला स्वतःचं दोन खोल्यांचं घर, मागं अंगण, अंगणाच्या टोकाला संडास. नवरा धर्मेंद्र जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होता. एकुलती एक मुलगी प्रतिक्षा नागपूरला नर्सिंग शिकायला. नवरा-बायकोत भांडणं व्हायची ती भाजीतल्या तिखटावरून आणि टीव्हीच्या रिमोटवरून. म्हणजे संसार बरा चालला होता.

गेल्या मार्चमधल्या एका रविवारी धर्मेंद्र जेवून खुर्चीत बसला आणि बसल्या जागीच गेला. शेजाऱ्यांचा फोन आला तेव्हा रत्नमालाची बस अड्याळ सोडून लाखांदूरच्या वाटेला लागली होती. तिनं केबिनपाशी जाऊन ड्रायव्हरला सांगितलं. तो हादरलाच.

"गाडी बाजूले घेऊ का बाई?"

"कायले? घरीच तर चालली गाडी," ती म्हणाली.

आणि मग ती मागं वळली आणि अड्याळला चढलेल्या लोकांची तिकिटं काढू लागली. पवनीला आणखी लोक चढले, त्यांचीही काढली. एका म्हातारीला टोपली सीटखाली सरकवायला लावली. बसमध्ये तिच्याच वॉर्डातली एक बाई होती, तिच्या मोबाईलवर तोवर बातमी आली होती. ती डोळे फाडून रत्नमालाकडे पाहत राहिली. संध्याकाळपर्यंत अख्ख्या लाखांदुरात पसरलं होतं: नवरा मेला आणि बाई तिकिटं काढत बसली.

घरी बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. "रडून घे, मोकळी होशील," असं जी ती सांगत होती. रत्नमालाला रडू आलं नाही. अंत्ययात्रा निघाली तेव्हाही नाही, पुण्यानुमोदनाला भंतेजी आले तेव्हाही नाही. प्रतिक्षा मात्र रडून रडून आजारी पडली. परत जाताना तिनं आईला काही बोलून दाखवलं नाही, पण त्यानंतर तिचे फोन आखूड झाले. जेवली का, हाव. परीक्षा कधी आहे, सांगीन. ठेवते.

रजा संपल्यावर रत्नमाला कामावर गेली. काम नीट चाललं होतं. भाजीत मीठ राहून गेलं तर तिला कळायचं नाही, एवढंच. लोक हसले की तीही हसायची, जरा उशिरानं. रात्री पडली की झोप लागायची, पण सकाळी उठल्यावर झोपून उठल्यासारखं वाटायचं नाही. दुःख म्हणावं असंही काही नव्हतं. असतं तर तिला ते ओळखता आलं असतं.

दिवाळीनंतर गावात एक नवीनच प्रकार सुरू झाला. मेडिकल दुकानात काम करणाऱ्या रुचिकाला भुताच्या पिक्चरांचं लहानपणापासून वेड. शेतकऱ्याघरची ही पोरगी, धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, चालू असताना मोबाईलवर भुतं पाहत बसायची म्हणून आईचा मार खाल्लेली. तिनं मंडप डेकोरेशनवाल्या भुपेंद्रला गाठलं. लग्नसराई सुरू व्हायला वेळ होता, भुपेंद्रचा मोठा पडदा आणि साऊंड नुसताच पडून होता. दोघांनी मिळून 'भुताटकी फॅन क्लब' काढला. दर पंधरा दिवसांनी शनिवारी, दिवस बुडाला की समाजमंदिराच्या पटांगणावर भुताचा पिक्चर, फुकट. आपापली चटई आणायची.

लोक हसले, आणि मग आले. दक्षिणेतले हिंदीत डब केलेले, कुठले परदेशातले, काही चालेल. पडद्यावर दार करकरलं की बाया एकमेकींच्या अंगावर कोसळायच्या. एकदा ऐन वेळी मागून खरंच एक कुत्रं भुंकलं तर अर्धं पटांगण उठून पळालं. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर तोच विषय.

भुपेंद्र धर्मेंद्रचा जुना दोस्त. त्यानंच रत्नमालाला बोलावलं. "या ना वहिनी, घरी एकट्या बसून काय करता?"

ती गेली, कारण न जायला काही कारण सुचलं नाही. चटई टाकून बसली. पडद्यावर विहिरीतून एक बाई वर येत होती, केस तोंडावर, नखं दगडावर घासत. शेजारच्या उषाबाईंनी, म्हणजे भुपेंद्रच्या आईनं, तिचा दंड इतका आवळला की वळ उठला. रत्नमाला पाहत राहिली. तिच्या वडिलांनी लहानपणीच सांगून ठेवलं होतं की आपल्या धम्मात भूतखेत नाही, त्यामुळे भीती तशीही कमीच. पण हे भीती नसणंही नव्हतं. विहिरीतली बाई वर आली काय, खाली गेली काय, तिला सारखंच.

"तुले भेव नाही लागत काय वं?" उषाबाईंनी विचारलं.

"नाही लागत."

"मायबाई! काळजाची घट्ट आहे पोरगी."

त्यानंतर ती प्रत्येक पिक्चरला येऊ लागली, ड्युटी नसली तर. आवडायचं म्हणून नव्हे. तिथं सगळे पडद्याकडे पाहत, तिच्याकडे कोणी पाहत नसे, हे बरं होतं.

डिसेंबरात रुचिकानं किंकाळी स्पर्धा ठेवली. पिक्चरच्या आधी माईकसमोर यायचं आणि ओरडायचं. जिचं ओरडणं खरं वाटेल तिला स्टीलचा डबा. पोरी खिदळत आल्या, कोणाचा आवाज फाटला, कोणाला हसू आवरेना. उषाबाईंनी पदर खोचून अशी किंकाळी मारली की समाजमंदिराच्या छपरावरची कबुतरं उडाली. मग कोणीतरी ओरडलं, "कंडक्टरीनबाई! त्यायचा आवाज ऐका!" टाळ्या पडू लागल्या. रुचिकानं तिला हाताला धरून वर आणलं.

रत्नमालानं तोंड उघडलं. सगळे थांबले. माईकमधून तिचा श्वास तेवढा ऐकू आला, लांब, नंतर तोही नाही. ती तशीच उभी राहिली, तोंड उघडं. कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळे हसले. ती तोंड मिटून खाली आली आणि आपल्या चटईवर बसली. लाज वाटायला हवी होती, हे तिला समजत होतं.

रुचिका मात्र हसली नव्हती. दोन-चार दिवसांनी ती बसस्टँडवर आली.

"काकू, एक विचारू? जानेवारीत आपण भूतमेळा करून राहिलो. एका शेठचं रिकामं गोदाम भेटलं. भुताचं घर बनवतो, लोक आतून फिरून जातील. मले एक प्रेत पाहिजे."

"प्रेत?"

"खाटेवर पडून राहायचं. हलायचं नाही, हसायचं नाही. लोक जवळ आले का डोळे उघडायचे, बस. पोरीयले करून पाह्यलं, साऱ्या हसतात. तुमी... तुमाले जमते." मग घाईघाईनं म्हणाली, "राग नोका मानू."

"राग नाही आला," रत्नमाला म्हणाली. "येते मी."

मेळ्याच्या दिवशी वडशाहून खुशाल आला. झाडीपट्टीच्या नाटकांत मेकअप करणारा माणूस, त्या दिवशी त्याचा खेळ नव्हता. त्यानं रत्नमालाच्या चेहऱ्याला सफेता लावला, डोळ्यांखाली काळं ओढलं, ओठ निळसर केले. पांढरं कापड छातीपर्यंत ओढलं आणि नाकात कापसाचे बोळे घातले. मागं सरून पाहिलं आणि म्हणाला, "बाई, तुमी तर नाटकात पाहिजे होत्या."

गोदामात अंधार, उदबत्तीचा धूर, कोपऱ्यात लाल दिवा. बाहेर रांग लागली होती. कोणी तोंडाला काळं फासून आलेलं, कोणी आजीचं पांढरं लुगडं नेसून. पाच-सहा जणांचे घोळके आत यायचे, लटकणाऱ्या हातांना चुकवत खाटेपर्यंत पोचायचे. "पुतळा आहे बे," असं कोणीतरी म्हणायचं. मग रत्नमाला डोळे उघडायची आणि सगळे किंचाळत दाराकडे धावायचे.

पुन्हा शांत. पुन्हा ती डोळे मिटायची.

तिला ते जमलं. जमलं म्हणजे काय, गेल्या मार्चपासून पहिल्यांदा तिला काही वेगळं करून दाखवावं लागलं नाही. कोणी बरी आहेस का विचारत नव्हतं. हसायच्या जागी हसायचं नव्हतं. दुपार कलेपर्यंत ती पडून राहिली, मधे चहासाठीही उठली नाही.

मग एक घोळका आला. पावलं खाटेपाशी थांबली. रत्नमालानं डोळे उघडले. बाकीच्या पोरी किंचाळून पळाल्या. एक मात्र तिथंच उभी राहिली, पाठीला बॅग, तोंडावर हात. ती प्रतिक्षा होती.

घराला कुलूप पाहून ती शेजारी विचारायला गेली होती, आणि शेजारच्यांनी हसत हसत गोदामाकडे पाठवलं होतं. दहा महिन्यांपूर्वी ती अशीच बॅग पाठीला लावून नागपूरहून आली होती. तेव्हाही पांढरं कापड छातीपर्यंत होतं आणि नाकात कापूस होता.

"ऊठ," ती म्हणाली.

मागून आलेल्या घोळक्याला वाटलं, हाही खेळच. ते हसले. प्रतिक्षानं पुढं होऊन आईच्या नाकातले बोळे ओढून काढले आणि जमिनीवर फेकले. "ऊठ म्हणते ना!"

दोघी मागच्या दारानं बाहेर आल्या. गोदामामागं तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा ढीग होता, पलीकडं कापून झालेल्या धानाच्या बांध्या. उजेडात रत्नमालाचा पांढरा चेहरा आणखीच विचित्र दिसत होता. प्रतिक्षा त्याकडे पाहत नव्हती.

"बाबा गेले तं तू एक थेंब नाही रडली. बसमधी तिकिटं काढत होती. आन आता हे? लोकायले हसवाले?"

"हसत नाही कोणी. भेतात."

"आई!"

रत्नमाला तणसाच्या ढिगाला टेकली. मग म्हणाली, "बस घरीच येऊन राहिली होती. मधात उतरून कुठं गेली असती मी? उभी राहून काय केलं असतं? माणसं बसली होती, हातात पैसे धरून. मी मशीन चालवली."

"रडली असती."

"रडू नाही आलं."

"आन आता?"

"आताही नाही येत." ती बोलताना ओठांवरचा निळा रंग पोपडे होऊन सुटत होता. "तुले वाटते मी दाबून ठेवलं. तसं नाही आहे वं. आतमधी काहीच नाही. तुह्या बाबाचा फोटो पाहते, तं फोटो दिसते. तू फोन ठेवते, तं ठेवला एवढंच समजते. मी त्या पोरीयसारखी ओरडाले गेली होती, तं आवाज नाही निघाला."

प्रतिक्षानं आता आईकडे पाहिलं. ती भांडायला आली होती, सगळं पाठ करून आली होती, आणि समोरची बाई भांडतच नव्हती. तिला आठवलं की दवाखान्याच्या वॉर्डात अशी माणसं तिनं पाहिली होती. खाटेवर पाय जवळ घेऊन बसलेली, विचारलं तेवढंच बोलणारी. त्यांच्याशी ती किती मऊ बोलायची.

"कवापासून असं होऊन राहिलं?" तिनं विचारलं. आवाज बदलला होता.

"त्याच दिवसापासून."

"मले काहून नाही सांगतलं?"

"काय सांगू? काही होतच नाही, ते कसं सांगतात?"

प्रतिक्षा रडू लागली. रत्नमालानं तिच्या पाठीवर हात ठेवला, कारण तसं करतात. हात ठेवलेला राहिला. जरा वेळानं रुचिका दारातून डोकावली, दोघींना पाहून परत आत गेली. भुपेंद्रनं खाटेवर एक जुनं बाहुलं झोपवलं आणि मेळा पुढं चालू राहिला.

पुढच्या आठवड्यात प्रतिक्षानं आईला नागपूरला नेलं. मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंनी बरंच ऐकून घेतलं, असं होतं म्हणाल्या, गोळ्या दिल्या आणि महिन्यानं परत यायला सांगितलं. रत्नमाला गेली. त्यानंतरच्या महिन्यातही गेली. झोप जरा बरी लागू लागली. एकदा डब्यातली भाजी अळणी आहे हे तिला कळलं, आणि तिनं तसं प्रतिक्षाला फोनवर सांगितलं. प्रतिक्षा खूश झाली, रत्नमालाला त्यात खूश होण्यासारखं काय ते समजलं नाही. फोन मात्र पुन्हा लांब होऊ लागले. रडू तिला अजून आलेलं नाही. गावात कोणी कोणी अजून तिकिटांची गोष्ट सांगतात, ती ऐकते आणि सोडून देते.

लग्नसराई तोंडावर आल्यावर भुपेंद्रला पडदा परत हवा होता, म्हणून क्लबनं हंगामाचा शेवटचा पिक्चर ठेवला. प्रतिक्षा सुट्टीवर आली होती. ती लहानपणापासून भित्री. मायलेकी चटईवर बसल्या आणि पहिल्याच प्रसंगात पोरीनं आईच्या पदरात तोंड घातलं.

"झालं काय? गेली काय ते?"

"नाही, माडीवर आहे अजून."

"आता?"

"आता गेली. पाह्य."

तिनं तोंड वर केलं, नेमकी पडद्यावरची हडळ परत आली, आणि प्रतिक्षा अशी किंचाळली की पुढच्या चार बायका तिला पाहून किंचाळल्या. सगळा पिक्चर रत्नमालानं तिला असाच सांगून दाखवला, बसमध्ये गावांची नावं घ्यावीत तशा आवाजात.

घरी येऊन जेवणं झाली. प्रतिक्षा मागच्या दारात घुटमळत उभी राहिली.

"आई, मले संडासले जायचं आहे."

"जाय मंग."

"तू चाल ना."

रत्नमालानं टॉर्च घेतला आणि अंगणाच्या टोकापर्यंत तिच्यासोबत गेली. दार लागलं. शेजारच्या घरात बातम्या चालू होत्या, रस्त्यानं एक मोटरसायकल गेली.

"आई, आहेस ना?" आतून आवाज आला.

"हाव, आहो."

"जाजो नको."

"नाही जात."

आत बादली सरकली.

"आई?"

"इथंच आहो, म्हटलं ना."

वारा गार होता. अंगावर शाल घेऊन यायला पाहिजे होतं, एवढं तिच्या मनात आलं. तिनं टॉर्च या हातातून त्या हातात घेतला आणि दारावर उजेड धरून उभी राहिली.