सिल्वासात फोर-स्ट्रोकनं सोडलेला धूर

"गाडी घेऊन ये. तू नाही आलास तरी चालेल," असं दाजींनी फोनवर सांगितलं आणि माझं सिल्वासाला जायचं ठरलं! गोष्ट नव्वदीच्या दशकातली. दाजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, मूळचे धुळ्याकडचे, सिल्वासाला धाग्याच्या कारखान्यात फिटर. सिल्वासाजवळच्या खेरडीची मातीतली मोटारसायकल शर्यत त्यांनी आपल्या टू-स्ट्रोकवर सलग दोनदा जिंकली होती. तिसऱ्यांदा जिंकले की ढाल कायमची घरी. पण दरवर्षी टू-स्ट्रोकच पुढे, म्हणून समितीनं नियम काढला: टू-स्ट्रोकवाल्यांनी अर्धी फेरी मागून सुटायचं. झालं! दाजींना माझी फोर-स्ट्रोक आठवली.

नाशिकहून पेठ, कपराडामार्गे निघालो. घाट सुरेख, रस्ता हाडं खिळखिळी करणारा. कपराड्याला भजी खाऊनच घ्या, मी पाच रुपयांत पोटभर खाल्ली. दुपारी पोहोचलो तर ताईची झणझणीत शेवभाजी तयार होती.

शर्यतीच्या सकाळी दाजींनी स्वतः टाकी भरली. टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, नाहीतर इंजिन जॅम. फोर-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये थेंबही चालत नाही. पण पंधरा वर्षांची सवय हो! माझ्याशी बोलता बोलता दाजींनी माप भरून ऑइल ओतलं, वर गाडी हलवून नीट मिसळलंसुद्धा. मीही बघत उभा, शहाणा!

मैदानात दाजींनी किक मारली आणि निळ्या धुराचा लोट उठला. पंच म्हणजे कोकणातून बदलून आलेले शाळामास्तर. ते म्हणाले, "टू-स्ट्रोक. मागे व्हा."

"ओ सर, फोर-स्ट्रोक हाये ना ही! पाहून घ्या ना!"

"मग धूर कुणाचा, चुलीचा?"

दाजी अर्धी फेरी मागून सुटले, जीव तोडून गाडी मारली आणि दुसरे आले. ढाल गेली. दाजींचे डोळे भरले होते आणि मला मेल्याला हसू आवरेना. ताई एवढंच म्हणाली, "नियम बदलला, हात कुठं बदलला तुमचा?"

घरी येऊन टाकी रिकामी केली, साधं पेट्रोल भरलं, प्लग साफ केला, धूर थांबला. दाजींचा चेहरा मात्र डोळ्यांपुढून हलेना. पुढच्या वर्षी समितीनं तो नियम रद्द केला. दाजी पुन्हा आपल्या टू-स्ट्रोकवर! शर्यतीच्या दिवशी संध्याकाळी ताईला फोन लावला.

"दुसऱ्या फेरीत इंजिन जॅम."

"ऑइल कमी पडलं?"

"टाकलंच नाही. म्हणाले, गेल्या वर्षीची चूक परत नको."