पोटावरचा तळवा

तुरुंगाच्या दवाखान्यात मी कैद्यांशी बोलते. गुन्ह्याआधी त्यांच्या मनात काय चाललं होतं, ते समजून घेणं हे माझं काम. "त्यात काय समजून घ्यायचंय?" असं लोक म्हणतात. रागाच्या भरात भावाचा जीव घेतलेल्या सदाशिवला मी दर वेळी विचारते, राग चढतोय हे अंगात कुठे कळतं?

"कळतच नाही ताई. एकदम हातच उठतो."

आज भावाचं नाव निघालं आणि त्याने पोटावर तळवा ठेवला. "ताई, इथं गरम व्हायला लागलंय. जरा थांबू या."

आम्ही थांबलो. खिडकीबाहेर कैद्यांचे कपडे वाऱ्यावर हलत होते. राग आणि हात यांच्यामध्ये माणसाला उभं राहण्यापुरती जागा असते, या आशेवर तर माझं काम चालतं. आज तो तिथे उभा होता.

मग त्याने तळवा काढला. "हं, विचारा आता. भावाचंच विचारा."